नळीसमोर एक तास

आमच्या मेल वीधीत, म्हणजे पश्चिमेकडच्या रस्त्यावर, सकाळी डॉक्टर मामा समोरून येताना दिसले, की माणसं आपले हात पाठीमागे न्यायची. मामांचा नमस्कार दुखायचा. समोरच्याचा पंजा ते आडवा मुठीत धरायचे, बोटांच्या मुळाशी जे चार उंचवटे असतात ते एकमेकांवर दाबायचे आणि थेट डोळ्यांत बघून विचारायचे, "दुखतें?" नाही म्हटलं, की दुसरा प्रश्न ठरलेला. "सकाळीं उठल्यावर बोटें किती वेळ आखडतात?"

पोस्टमन, दूधवाला, देवळातला नादस्वरवाला, कोणी सुटलं नाही. नादस्वरवाल्यानं एकदा वैतागून "दिवसभर!" असं ठोकून दिलं. झालं. मामांनी त्याला दंडाला धरून आपल्या ओट्यावर नेलं, रक्त काढलं आणि तासभर हलू दिलं नाही. तिकडे मंडपात नवरदेव वाजंत्रीविना खोळंबला होता. मुलीच्या बापानं येऊन आरडाओरडा केला, तर मामांनी त्याचाही हात धरला.

आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, कचेरीत इंग्रजी. देवनागरी लिहायला मी नीट शिकलो ते चाळिशीत, पुण्याला बदली झाल्यावर. म्हणून मामांवर लिहायला इतका उशीर झाला, असं मी लोकांना सांगतो. खरं कारण वेगळं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात काही अर्थ नाही.

तर मामा. ते कोणाचेच सख्खे मामा नव्हते, आणि सगळ्या रस्त्याचे होते. सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले डॉक्टर. जन्मभर त्यांनी रोगी कमी पाहिले आणि रक्त जास्त पाहिलं. बायको वारलेली, मुलगी बंगलोरला दिलेली. नेसायला वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर, आणि तिच्यावर, मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा, इस्पितळातला पांढरा कोट. त्याचं वरचं बटण मी कधीच पाहिलं नाही. तंजावरच्या जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूने लांब ओटा असतो, त्याला तिण्णै म्हणतात. त्या तिण्णैवर त्यांनी आपली लॅब थाटली होती. लाकडाचं एक स्टँड, त्यात उभ्या लावलेल्या फूटभर लांबीच्या काचेच्या नळ्या, भिंतीवर घड्याळ आणि एक बाक. एवढंच.

तपासणी एकच करायचे, ई.एस.आर.ची. रक्त नळीत भरून उभं ठेवायचं आणि तासाभरात लाल भाग किती खाली बसतो ते मोजायचं. अंगात कुठे सूज धुमसत असली, की रक्त भराभर खाली जातं. निरोगी माणसाचं रेंगाळतं. ही तपासणी गावातल्या कुठल्याही लॅबमध्ये व्हायची. पण मामा रिपोर्ट हातात देत नसत. ज्याचं रक्त, त्याने नळीसमोर बाकावर तासभर बसायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, असा त्यांचा नियम. कोणी म्हणालं, मी भाजी घेऊन येतो, तर भडकायचे. "तुझें रक्त तुजशीं बोलतें अहे, आणि तूं बाजारास जातोस?"

त्या तासात ते बोलत राहायचे. रोग कुठून आला, औषध काय करतं, गुण यायला किती दिवस लागतात, कुठल्या गोष्टीला भ्यायचं आणि कुठल्या नाही. इतर डॉक्टरांकडे दोन मिनिटांत चिठ्ठी मिळायची. इथे चिठ्ठी मिळत नसे, पण उठताना माणसाला आपल्या दुखण्याची ओळख झालेली असायची. नळी हे निमित्त होतं. हे मला फार उशिरा कळलं.

कारण मी त्या तासाला कधीच बसलो नाही. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. टाय, मोपेड आणि काळी बॅग. बाजार नुकता खुला झाला होता. रस्त्यावर एसटीडीची पिवळी खोकी उगवली होती, गच्च्यांवर तबकड्या दिसू लागल्या होत्या, आणि दर दोन महिन्यांनी दुखणं थांबवणारी एखादी नवी गोळी चकचकीत वेष्टनात माझ्या बॅगेत येऊन पडायची. ती घेऊन मी तिरुवैयारूपासून पापनाशमपर्यंत भातशेतांच्या मधून फिरायचो. डॉक्टरांसमोर मला तीन मिनिटं मिळायची, आणि तीन मिनिटांत सगळं सांगून होतं यावर माझा गाढ विश्वास होता.

मामांना मी माझी पत्रकं मुद्दाम दाखवायचो. ते भिंग काढायचे, मोठ्या अक्षरांवर तळहात ठेवायचे आणि तळाची बारीक अक्षरं तेवढी वाचायचे. मग पत्रक परत. एकदा मी चिडून म्हटलं, "मामा, ही सुजेवरचीच गोळी आहे. तुम्ही जन्मभर सुजेचंच बोलता, मग हिच्यावर राग का?"

"अंबी," ते म्हणाले. आमच्याकडे लहानग्याला असं म्हणतात, आणि माझा टाय बघूनही त्यांनी ते सोडलं नव्हतं. "तुझ्या आजोबांचें शेत होतें ना? रोपें लाविलीं कीं कालव्याचें दार, मदगु, उघडितात. पाणी हवेंच. तसें अंगास लागलें, जंतु शिरला, कीं सूज हवीच. ती नसेल तर जखम भरणार नाहीं. पण मदगु बंद करणारा माणूस झोपला तर?"

"पीक कुजेल."

"कुजेल. सांध्यांत कुजेल, रक्तवाहिनींत कुजेल, हृदयांत कुजेल. आणि तुझी गोळी काय करिते? शेतकऱ्यास म्हणते, पाणी दिसत नाहीं, झोंप तूं." मग थोडं थांबून, "वाईट नाहीं ती. दोन दिवस घ्यावी. पण तिला औषध म्हणूं नये."

हृदयाचं त्यांनी म्हटलं, त्यावर गावातले डॉक्टर हसायचे. हृदयाची वाहिनी चरबीनं तुंबते, नळ तुंबावा तशी, हे सगळ्यांना पाठ होतं. मामा म्हणायचे, नळाच्या भिंतीलाच सूज असते, तुंबणं नंतरचं. महिनोन् महिने उशिरा येणारी परदेशी मासिकं वाचून त्यांनी हे डोक्यात घेतलं होतं. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या माणसाकडे ते काळजीनं बघायचे. एका लग्नात तर सीमांतपूजनाला त्यांनी नवऱ्या मुलाला आ करायला लावला आणि खिशातली बॅटरी काढून हिरड्या तपासल्या. मुलाकडच्यांना वाटलं, ही इकडची काही रीत असेल. त्यांनीही मुलीच्या बापाला आ करायला लावला. आज बॅटरीवाले मामा आठवले, की हसू येतं आणि ते मध्येच थांबतं.

तपासणीचा आणखी एक प्रकार ते करायचे, आणि तो कोणाला ठाऊक नव्हता. रोज सकाळी ते मान खाली घालून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे आणि प्रत्येक दारासमोरचा कोलम बघायचे. बायकांना वाटायचं, म्हातारा रसिक आहे. कोलम म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी. आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती न तुटता फिरणारी रेघ. चिमटीतून पीठ बारीक धारेनं सुटलं, तरच ती रेघ साधते. बोटांचे सांधे सुजले, की चिमूट नीट मिटत नाही, रेघ जाड होते आणि वळणावर तुटते. शिवाय वेळ. "साडेपांचाचा कोलम साडेसातास पडूं लागला, कीं समजावें, त्या घरीं कोणाची बोटें उठत नाहींत." असं त्यांनी मला एकदाच सांगितलं, आमच्या दारात उभं राहून. आमच्या कोलमकडे बघत.

आमच्याकडचा कोलम अक्काचा. अक्का माझी बहीण, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. जुन्या बस स्टँडजवळच्या टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची. तिची बोटं यंत्रावर पडायची तेव्हा एकच सलग आवाज यायचा. एकवीस ठिपक्यांचा कोलम ती बोलता बोलता घालायची. आणि तिचं लग्न जुळत आलं होतं. पापनाशमचं स्थळ, मुलगा शाळेत गणित शिकवणारा. आमची मराठी घरं मोजकी. त्यातलं एक हातचं गेलं, की दुसरं मिळायला वर्षं जातात. अक्का सत्तावीस पूर्ण झाली होती.

कोलमचं ते बोलले, त्याच आठवड्यात मामा आमच्याकडे कॉफीला आले. अक्कानं टंबलर आणून ठेवला. आमच्याकडे कॉफीचा गरम टंबलर वरच्या काठाला, दोन बोटांच्या टोकांनी धरतात. अक्कानं तो दोन्ही तळहातांत दाबून आणला होता. मामांनी कॉफी थंड होऊ दिली.

"कधींपासून?" त्यांनी विचारलं.

"काय मामा?"

"बोटें."

अक्कानं आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे. "चार महिने," अक्का हळूच म्हणाली. "सकाळीं दोन तास. मग बरें होतें."

"उद्यां ओट्यावर ये. तासभर बसायाचें."

आई एकदम म्हणाली, "अय्यो, ओट्यावर नको हो!" तिचं बरोबर होतं. मामांची तिण्णै भर रस्त्यावर. लग्नाची मुलगी तिथे तासभर नळीसमोर बसलेली दिसली असती, तर दुपारच्या बसनं ती बातमी पापनाशमला पोचली असती. मामांनी आयुष्यात कोणासाठी नियम मोडला नव्हता. ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या परसदारानं आले, काखेत ते लाकडी स्टँड, त्यावर टॉवेल, भरली घागर न्यावी तसे सांभाळून चालत. आमच्या स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर, त्यांनी स्टँड ठेवलं. अक्काचं रक्त काढलं. घड्याळ बघितलं.

"सगळे बसा," ते म्हणाले. "अंबी, तूं पण."

मला साडेनऊला पापनाशमच्या एका डॉक्टरची वेळ होती. "मामा, रिपोर्ट काय तो संध्याकाळी कळेलच," मी म्हटलं आणि मोपेडला किक मारली. परसात वळून बघितलं, तेव्हा अक्का पाटावर बसली होती आणि मामा तिला काहीतरी सांगत होते. लाल रंग एव्हानाच बोटभर खाली आला होता.

संध्याकाळी आईनं सांगितलं. नळी जवळजवळ निम्मी रिकामी झाली होती. संधिवात, तोही सांधे खाणारा. मामांनी मद्रासच्या एका तज्ज्ञाच्या नावानं चिठ्ठी दिली होती. आठवड्यातून एकदाच घ्यायची पिवळी गोळी, दर महिन्याला रक्ताची तपासणी, गुण दिसायला तीन महिने, आणि पहिलं वर्ष सोन्याचं, ते घालवायचं नाही.

ती पिवळी गोळी मला ठाऊक होती. मोठ्या प्रमाणात तीच कॅन्सरलाही देतात, आणि ती चालू असताना मूल होऊ द्यायचं नसतं. मुलाकडच्यांच्या हाती तिची पट्टी लागली असती तर? मी तीन मिनिटांत विचार केला. माझी सगळीच अक्कल तीन मिनिटांची होती. ओळखीच्या दुकानातून मी स्टेरॉइडच्या छोट्या पांढऱ्या गोळ्या आणल्या, कागदाच्या पुडीत घातल्या आणि अक्काला दिल्या. "मामांनीच पाठवल्यात," मी म्हटलं. "मद्रासच्या डॉक्टरला विचारून. जायची गरज नाही म्हणाले."

माझं नाव सांगितलं असतं, तर तिनं चार प्रश्न विचारले असते. मामांचं नाव सांगितलं म्हणून तिनं पुडी मुकाट्यानं घेतली. आयुष्यात बरंच खोटं बोललो, धंदाच तो होता. पण त्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी साडेपाचला दारात कोलम. एकवीस ठिपके, केसासारखी रेघ. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, बघा, म्हातारा तीन महिने म्हणत होता.

बाहेर आलो, तर मामा कोलमसमोर उभे. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"पिवळी गोळी चार दिवसांत असा कोलम घालूं देत नाहीं," ते म्हणाले. "काय दिलेंस?"

मी सांगितलं. खोटं बोलायला सुचलंच नाही.

"तिला ठाऊक अहे?"

"तुम्ही पाठवलीय असं सांगितलंय."

मामा आमच्या ओट्यावर बसले. कोटाच्या खिशातून रुमाल काढला, आणि नुसता हातात धरून ठेवला. "माझें नांव लाविलेंस," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्या पायाशी बसून गयावया केली. परवा ते मुलगी बघायला येतायत, जमलं तर सहा आठवड्यांत लग्न. तेवढं होऊ द्या. मग मी स्वतः तिला मद्रासला नेतो. आत्ता बोललात, तर तिचा जन्म फुकट जाईल.

ते कोलमकडे बघत होते. "सूज लपली अहे, गेली नाहीं," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला म्हणाले, "सहा आठवडे. वचन देऊं नये. पण देतों."

लग्न थाटात झालं. मुलगी बघायला आले होते तेव्हा मुलाच्या आईनं अक्काला कोलम घालून दाखवायला सांगितलं होतं, आणि तिनं तो असा घातला होता, की बाईंनी तिथेच पसंती सांगितली. लग्नानंतर महिन्यानं मामांनी मला रस्त्यात गाठलं. "नेलेंस?" "नेलं मामा. पिवळी गोळी चालू केली." त्यांनी मान हलवली आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला, की मला तिथून पळावंसं वाटलं. रक्त त्यांच्याशी कधी खोटं बोललं नव्हतं. माणसांच्या खोट्याची त्यांना सवयच नव्हती.

मग मी नेलं का नाही? पहिल्या महिन्यात नवी नवरी कुठे इस्पितळात नेणार, म्हणून. नंतर दिवाळी आली, म्हणून. नंतर, स्टेरॉइड एकदम बंद करता येत नाही हे ठाऊक होतं, आणि डॉक्टरकडे गेलं की पहिला प्रश्न 'कोणी दिलं' हाच येईल, म्हणून. पापनाशम माझ्याच फेरीत होतं. दर महिन्याला मी पुडी नेऊन द्यायचो. अक्काचा चेहरा गोल होऊ लागला, गाल वर आले. नातेवाईक म्हणायचे, सासर मानवलं हो पोरीला. तो गोलपणा गोळीचा होता. मी सगळ्यांबरोबर हसायचो.

तिसऱ्या वर्षी तिची बोटं करंगळीच्या बाजूला झुकायला लागली. आईनं भाजीवालीपाशी मामांना सहज सांगितलं, "पोरीचीं बोटें वांकडीं होतात हो, तुमची गोळी चालू असून." मामांनी हातातली पिशवी तिथेच ठेवली, असं आई म्हणाली. वांगी आई घरी घेऊन आली.

मामा वर्षानुवर्षं मेल वीधी सोडून कुठे गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते पापनाशमला गेले. मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं स्टँड. पुढचं मला अक्काच्या नवऱ्यानं सांगितलं. दारात येऊन म्हणाले, एक सपाट जागा द्या आणि एक घड्याळ. रक्त काढलं, नळी लावली आणि नवराबायकोला समोर बसवलं. त्या तासात त्यांनी सगळं सांगितलं. ती पांढरी गोळी त्यांची नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं. सहा आठवडे गप्प राहण्याचं वचन त्यांनी दिलं होतं. आणि पुढे विचारलं तेव्हा ऐकलेल्यावर विश्वास ठेवला. "चूक माझी," म्हणाले. "मी रक्त बघायास हवें होतें. शब्द बघितला."

माझे मेहुणे गणिताचे सरळ मास्तर. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात तिला मद्रासला नेलं. पांढरी गोळी हळूहळू उतरवली, पिवळी सुरू झाली. चार महिन्यांत दुखणं गेलं. सकाळी हात उघडायला लागले. पण झिजलेलं हाड परत येत नाही. बोटं तशीच राहिली, एका बाजूला कललेली. टाइपरायटिंगचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

मेहुणे मला उणं काही बोलले नाहीत. अक्काही नाही. आणि मामाही नाहीत. बस स्टँडजवळ कॉम्प्युटराइज्ड लॅब निघाली, दहा मिनिटांत छापील रिपोर्ट द्यायला लागली, आणि मामांच्या बाकावर कुत्री झोपू लागली. तरी ते रोज सकाळी कोलम बघत चालायचे. दारादारांत आता प्लास्टिकचे चिकटवायचे कोलम आले होते. त्यांच्यापुढे मामा क्षणभर थांबायचे आणि निमूट पुढे जायचे. पोस्टमनचा हात अजून दाबायचे. नवीन आलेल्या केबलवाल्याचा दाबायचे. मी समोर आलो, की "काय अंबी" म्हणायचे आणि हात कोटाच्या खिशात घालायचे. सगळ्या रस्त्याचा हात धरणाऱ्या माणसानं त्या सकाळपासून माझा हात कधी धरला नाही. पुण्याची बदली मी मागून घेतली, ती त्यामुळे.

मामा गेल्याचं पत्र आलं, तेव्हा तेराव्याला मी पोचलो. घरात मृत्यू झाला, की दारात कोलम घालत नाहीत. दिवस झाले, की पुन्हा घालायचा. सकाळी सहाला मी त्यांच्या घरी गेलो. बंगलोरची मुलगी हातात प्लास्टिकचा कोलम घेऊन उभी होती. "मला घालता येत नाही," ती म्हणाली. अक्का आदल्या दिवशीच पापनाशमहून आली होती. तिनं तो तिच्या हातून घेतला, बाजूला ठेवला आणि पिठाची वाटी मागितली.

मी बाकावर बसलो. स्टँड तसंच होतं, नळ्या रिकाम्या. घड्याळ चालू होतं. अक्कानं ठिपके घातले. चिमूट मिटत नव्हती म्हणून ती पीठ अंगठा आणि तळहाताच्या कडेमधून सोडत होती. रेघ तुटायची, ती परत मागे जायची, जोडायची. दोनदा वाटलं, उठावं आणि म्हणावं, राहू दे. उठलो नाही. ती कंबर धरून उभी राहिली, तेव्हा घड्याळात सव्वासात झाले होते. बसलो तेव्हा सव्वासहा झाले होते.

ती येऊन माझ्या शेजारी बाकावर टेकली.

"अक्का," मी म्हटलं, "ती गोळी मामांची नव्हती."

"ठाऊक."

"मामा तुझ्याकडे येऊन सांगून गेले ते मला माहीत आहे. पण मी कधी—"

"त्यापूर्वींच ठाऊक होतें रे," ती म्हणाली. "तूं त्या तासाला बसला नव्हतास. मी बसलें होतें. तीन महिने काही कळणार नाहीं, धीर धर, असें मामा दहादां म्हणाले होते. तुझी गोळी चौथ्या दिवशीं लागूं पडली. तेव्हांच कळलें, ही मामांची नव्हे."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलें असतें, तर तूं खरें सांगितलें असतेंस. मग मज सोडावी लागली असती." तिनं कोलमकडे बघितलं. "मजही लग्न करायाचें होतें. मामा पापनाशमास येऊन चूक माझी, चूक माझी म्हणत राहिले. त्यांस हें सांगायास मज धीर झाला नाहीं. तुजही सांगितलें नाहीं. तुझ्यावर टाकून मोकळी झालें."

समोर उन्हं आली. रस्त्यानं सायकली जायला लागल्या. मामा असते, तर आत्ता टोकाकडून निघाले असते, आणि या कोलमसमोर थांबून त्यांनी सगळं वाचलं असतं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"हात दे," अक्का म्हणाली.

तिनं माझा पंजा आडवा घेतला, पिठानं माखलेल्या, एका बाजूला कललेल्या आपल्या बोटांत. मामा धरायचे तसाच. मग दाबला.

"दुखतें?"

तिच्या बोटांत जोर उरलाच नव्हता. मी हो म्हटलं.